काचेपलीकडचा माणूस : जी. एन. जोशी

मी बोदलकसाचा. तालुका तिरोडा, जिल्हा गोंदिया. आमच्या गावाची ओळख म्हणजे तलाव. १९१७ साली बांधलेलं मातीचं धरण, सभोवती जंगल, पलीकडे नागझिरा. हिवाळ्यात पाहुणे पक्षी बघायला लांबून लोक येतात. तलावाच्या पाण्यावर खालच्या बांध्यांमध्ये धान पिकतो. पण ही पाळ कुणी आखली, उतार कुणी मोजला, असं गावात विचारून बघा. एकही नाव ऐकू येणार नाही. शंभर वर्षांवर काम टिकून आहे आणि काम करणारा मात्र गायब! इंजिनीअरिंगला आलेल्या प्रत्येकाने ही गोष्ट आधीच गाठीशी बांधून ठेवलेली बरी.

दुसरं उदाहरण नाटकाचं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी आटोपली की मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्र रात्र नाटकं चालतात. कंपन्या बहुतेक वडसा-देसाईगंजच्या. सकाळी चहाच्या टपरीवर चर्चा असते ती हिरोची, खलनायकाची, नाचणारीची. ऑर्गनवाला कोण होता, माइक कुणी लावले, हे कोण विचारतो? आवाज नीट आला तर कुणाच्या लक्षात येत नाही, आणि माइक शिट्टी मारायला लागला की सगळा मंडप त्याच्याकडे वळून बघतो!

आपल्या हॉस्टेलमध्येही असे दोन-चार जण असतातच. गॅदरिंगला गात नाहीत, नाचत नाहीत, पण वायरी ओढण्यापासून मिक्सरवर बसण्यापर्यंत सगळं करतात. गाण्याचं वेड आहे, कान तयार आहे, पण स्टेजवर जायचं नाही. अशा माणसाला संगीताच्या धंद्यात जागा आहे का? की पडद्यामागे राहणं म्हणजे पुढे जाता न आल्याची भरपाई? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. त्याचं उत्तर मला सापडलं ते आपल्याच विदर्भातल्या एका माणसाच्या चरित्रात. ते म्हणजे जी. एन. जोशी.

जोशींचा जन्म १९०९ सालचा. नागपूरकडचा हा तरुण वकिलीचं शिक्षण घेतलेला. त्या काळी वकिली म्हणजे आजच्या भाषेत कॅम्पस प्लेसमेंटच समजा. घरचे खूश, समाजात मान. पण पठ्ठ्याचा जीव गाण्यात. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे हेही १९०९ सालचेच आणि पेशाने वकीलच. त्यांची ‘शीळ’ ही कविता जोशींनी गायली आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तिची ग्रामोफोन रेकॉर्ड निघाली. ती घरोघरी वाजली. मराठीत तोपर्यंत लोकप्रिय गाणं म्हणजे मुख्यतः नाटकातलं पद. नाटकाचा प्रसंग नाही, रागाचा विस्तार नाही, फक्त एक कविता आणि तिचा भाव, असं गाणं लोकांना नवीन होतं. पुढे त्याला भावगीत हे नाव रूढ झालं. म्हणून आद्य भावगीत गायकांमध्ये जोशींचं नाव घेतलं जातं. नंतर किराणा घराण्याच्या थोर गायिका म्हणून गाजलेल्या गंगूबाई हनगल यांच्याबरोबरही त्यांनी युगुलगीतं गायली.

म्हणजे बघा, हा माणूस स्टेजवर जायला घाबरणारा नव्हता. नाव झालं होतं, रेकॉर्डी खपत होत्या. आणि अशा वेळी, १९३८ साली, ते एचएमव्ही कंपनीत रेकॉर्डिंगचे अधिकारी म्हणून रुजू झाले. स्टुडिओत काचेच्या अलीकडे गायक आणि पलीकडे रेकॉर्डिंगवाले. जोशी अलीकडून पलीकडे गेले आणि पुढची तीसेक वर्षं त्यांचं मुख्य काम काचेपलीकडूनच चाललं.

आता हे काम नेमकं काय असतं? आपल्याला वाटतं, बटण दाबलं की झालं. पण त्या काळची पद्धत ऐका. जाड मेणाची तबकडी फिरत असायची आणि माइकवरून आलेल्या सिग्नलने हलणारी सुई तिच्यावर थेट चर कोरत जायची. एडिटिंग नाही, अन्डू नाही. खोकला आला, तबल्याची थाप चुकली, शब्द अडखळला की ते मेण बाद आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बरं, एका बाजूला वेळ किती? जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. ज्या खाँसाहेबांना नुसता राग मांडायला अर्धा तास लागतो, त्यांना तीन मिनिटांत बसवायचं! आलाप किती, बंदिश कुठे सुरू करायची, तान कुठे थांबवायची, हे सगळं आधी तालमीत ठरवावं लागे. वेळ संपत आली की गायकाला खूण करावी लागे.

आणि हे सगळं नंतरचं झालं. आधी कलाकार शोधायचा, त्याला तयार करायचा, मानधन किंवा रॉयल्टी ठरवायची, करार करायचा, गाणं निवडायचं, साथीदार जमवायचे, कोण माइकपासून किती लांब बसेल ते बघायचं. मग झालेल्या रेकॉर्डिंगमधलं कोणतं ठेवायचं याचा निर्णय. छपाई व्हायची कलकत्त्याला, कंपनीच्या डमडमच्या कारखान्यात. लेबलवर गायकाचं नाव यायचं, पण हा सगळा खटाटोप करणाऱ्याचं नाही.

जाता जाता एक गंमत सांगतो. त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या प्लास्टिकच्या नव्हत्या, लाखेच्या होत्या. लाखेत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून ते मिश्रण गरम साच्यात दाबत. ही लाख म्हणजे एका किड्याने पळस, कुसुम अशा झाडांवर केलेलं काम. आमच्या भागातल्या जंगलात पळस भरपूर आणि गोंदियात लाखेचे कारखाने होते. एवढ्या मोठ्या संगीताच्या बाजाराच्या मुळाशी झाडाच्या फांदीला चिकटलेला एक किडा! त्याचंही नाव लेबलवर नव्हतं.

मूळ मुद्द्यावर येतो. या कामात जोशींना सगळ्यात जास्त उपयोगी काय पडलं असेल? माझ्या मते ते स्वतः गायक होते हे. त्या पिढीतल्या अनेक उस्तादांना रेकॉर्डिंग आवडत नसे. आपली विद्या कुणी चोरेल, तीन मिनिटांत गाण्याचा विचका होईल, कंपनी फसवेल, अशा नाना शंका असायच्या. आणि त्या अगदीच खोट्या नव्हत्या. अशा कलाकारासमोर नुसता हिशेबनीस गेला असता तर दारातूनच परत आला असता. तिथे गाणं कळणारा, आदराने बोलणारा आणि नाही म्हटलं तरी पुन्हा जाणारा माणूस लागतो.

उस्ताद अमीर खाँ यांचं उदाहरण घ्या. अतिविलंबित लयीत, एकेक स्वर जपून पुढे जाणारं त्यांचं गाणं. तीन मिनिटांच्या तबकडीत ते मावणार कसं? खाँसाहेब रेकॉर्डिंगला सहजी तयार होणाऱ्यांतले नव्हते. जोशींनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. दरम्यान तंत्र बदललं. टेप आली, एलपी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळायला लागली. १९६०च्या सुमारास अमीर खाँसाहेबांची एलपी निघाली, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. आजही शास्त्रीय संगीत शिकणाऱ्यांना ती ऐकायला सांगतात. खाँसाहेब १९७४ साली कलकत्त्याला मोटार अपघातात गेले. विचार करा, तो पिच्छा पुरवला गेला नसता तर आपल्या पिढीच्या हाती त्या गाण्यातलं किती उरलं असतं?

जोशींचं जगभर पोचलेलं काम म्हणजे १९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’. निर्माते जी. एन. जोशी. मुख्य वाजवणारे तिघे : संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. तिघंही तिशीच्या आसपासचे, म्हणजे आपल्या कॉलेजातल्या तरुण लेक्चररांच्या वयाचे! संतूर तेव्हा शास्त्रीय मैफिलीत नवखं होतं, गिटारवर राग वाजवणं हेही अनेकांना धाडसच वाटे. आणि रागांचा एकेक नमुना देण्याऐवजी एक गोष्ट सांगायची ठरली, काश्मीरच्या दरीतल्या मेंढपाळाचा एक दिवस. सकाळी अहिर भैरव, आणि मग दिवस पुढे सरकेल तसे पिलू, भूप, देस, पहाडी. गाणारा नाही, शब्द नाहीत, तरी गोष्ट कळते. यात खरी कसोटी तोल साधायची. संतूरची तार छेडली की आवाज पटकन विरतो, बासरीचा सूर लांबतो, गिटारची मींड दोघांच्या मधून वाहते. कुणीही कुणाला झाकायचं नाही. हेडफोन लावून एकदा ऐका, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. ज्यांनी आयुष्यात राग हा शब्द ऐकला नव्हता, अशा परदेशातल्या लोकांनीही ही रेकॉर्ड डोक्यावर घेतली.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे नुसतं गुणगान होईल. या सगळ्याची किंमत जोशींनी स्वतःच्या गाण्यातून मोजली. भावगीताची वाट पाडणाऱ्यांत ते पुढे होते, पण त्या वाटेवर पुढे गर्दी झाली आणि नाव झालं ते गजाननराव वाटव्यांसारख्या नंतर आलेल्यांचं. आज जुनी गाणी ऐकणाऱ्या आजोबांनाही जोशींचं एखादंच गाणं आठवतं. शिवाय ते नोकरदार होते. काय खपेल, काय नाही, याचा हिशेब कंपनीचा. मनात आलं ते सगळंच करता आलं असेल असं मानायचं कारण नाही. त्यांनी आपल्या आठवणी मराठीत ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात लिहिल्या, इंग्रजीत १९८४ साली ‘डाउन मेलडी लेन’ आलं. लक्षात घ्या, त्या पुस्तकांतही भाव खाऊन जातात ते कलाकारच. १९९४ साली जोशी गेले.

मग पडद्यामागे राहणं ही भरपाई की करिअर? जोशींकडे बघून मला वाटतं, पुढे जाता येत असूनही जो मागचं काम निवडतो, तोच ते नीट करू शकतो. ज्याच्या मनात मला का नाही माइक मिळाला हे सलत असतं, तो दुसऱ्याचं गाणं मन लावून कसं ऐकेल?

जोशींच्या काळात रेकॉर्ड काढायची तर कंपनीचा दरवाजा ठोठावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आज तसं नाही. लॅपटॉप, एक बरा माइक आणि खोलीला जाड चादरी लावल्या की हॉस्टेलमध्येसुद्धा गाणं तयार होतं. पोरं स्वतःच गाणी काढतात, स्वतःच लोकांपर्यंत पोचवतात. म्हणून कंपनी गेली तरी कंपनीतल्या जोशींचं काम गेलेलं नाही, ते कुणीतरी करावंच लागतं. कोणतं टेक ठेवायचं हे सांगणारा, मिक्सिंग करणारा, कार्यक्रम ठरवणारा, पैशाचा हिशेब ठेवणारा, हक्कांची नोंदणी करणारा. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात बदल झाला आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने राखला गेला. पण कायदा पुस्तकात असून भागत नाही. गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, हे पहिल्या दिवशीच कागदावर लिहून ठेवणारा माणूस ग्रुपमध्ये लागतो. चार मित्रांचा बँड फुटतो तो बहुतेक वेळा सुरावरून नाही, याच कागदावरून!

आणि ज्यांना धंदा करायचा नाही, त्यांनाही काम आहे. आमच्या भागात रोवणीच्या वेळी चिखलात उभ्या राहून बाया गाणी म्हणतात. दंडारीची गाणी येणारी म्हातारी माणसं अजून आहेत, पण दरवर्षी कमी होताहेत. तुमच्या गावातही असं काही ना काही असेलच. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, म्हणजे यंत्राची अडचण उरलेली नाही. पण रेकॉर्ड करण्याआधी परवानगी मागा. पंखा बंद करा, मोबाइल हातात न धरता स्थिर ठेवा. गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तारीख लिहा. त्या गाण्यातून कधी पैसे मिळाले तर तिचा वाटा तिला द्या. आणि पहिल्यांदा नाही म्हणाली तर रागावू नका, पुढच्या सुट्टीत पुन्हा जा. अमीर खाँसाहेबांच्या बाबतीत जोशींनी तरी दुसरं काय केलं होतं?

तुमचं नाव त्या रेकॉर्डिंगवर नसलं तरी चालेल. तिचं मात्र असायलाच हवं.