खुनी कोण, ते वाचक सांगतील!

नवा थ्रिलर वाचून संपला की ग्रुपवर ठरलेली दोन मतं पडतात. एक, खुनी कोण ते मला निम्म्यातच कळलं होतं. दुसरं, शेवटी लेखकानं चीटिंग केली राव! हा दुसरा आरोप जवळपास शंभर वर्षांपूर्वी झेलून जी डगमगली नाही, ती अगाथा ख्रिस्ती.

१५ सप्टेंबर १८९० रोजी इंग्लंडमधल्या टॉर्की या समुद्रकाठच्या गावी तिचा जन्म झाला. शिक्षण बहुतेक घरीच. डिटेक्टिव्ह कथा लिहिणं तुला जमायचं नाही, असं मोठ्या बहिणीनं सुनावलं आणि ते तिच्या मनात घर करून बसलं. पहिल्या महायुद्धात ती आधी नर्स झाली, मग दवाखान्याच्या औषध विभागात लागली. विषांशी तिची ओळख झाली ती इथंच.

ती ज्या केमिस्टकडे शिकायला जायची, त्यानं एकदा औषध बनवताना दशांश चिन्हाची चूक केली. डोस दहापट! शिकाऊ पोरीनं उस्तादाची चूक कशी दाखवायची? तिनं धक्का लागल्यासारखं करून ट्रेच खाली पाडला, वर औषधावर पाय दिला आणि माफी मागून मोकळी झाली. हा माणूस खिशात क्युरारे नावाच्या विषाचा खडा घेऊन फिरायचा. त्यानं आपण ताकदवान आहोत असं त्याला वाटे. अगाथा त्याला विसरली नाही.

पहिली कादंबरी अनेक प्रकाशकांनी परत पाठवली. अखेर १९२० मध्ये ती छापून आली आणि हर्क्युल पॉयरो हा मिशाळ बेल्जियन डिटेक्टिव्ह जन्मला. त्या पुस्तकाच्या परीक्षणांपैकी तिला सगळ्यात सुखावणारं आलं ते औषधशास्त्राच्या नियतकालिकातून. विषाची माहिती अचूक आहे, अशी पावती त्यात होती.

मग उजाडलं १९२६. ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ आली आणि वाचकांत दोन तट पडले. शेवट इथं सांगणार नाही, स्पॉयलर कशाला! पण फसवलं म्हणून बरेच जण चिडले. खरं तर सगळे धागेदोरे तिनं वाचकाच्या डोळ्यांसमोरच ठेवले होते. पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं की ते एकेक करून सापडतात.

त्याच वर्षी तिची आई गेली आणि नवऱ्यानं दुसऱ्या बाईसाठी घटस्फोट मागितला. डिसेंबरात अगाथा अचानक गायब झाली. गाडी सापडली, ती नाही. पोलीस, पेपरवाले, हजारो लोक शोधायला निघाले. अकरा दिवसांनी ती हॅरोगेटच्या हॉटेलात सापडली, तीही नवऱ्याच्या त्या मैत्रिणीचं आडनाव लावून! पब्लिसिटी स्टंट म्हणून लोकांनी तिला झोडपलं. आत्मचरित्रात तिनं याचा खुलासा केला नाही. हे एकच रहस्य तिनं न उलगडता सोडलं.

पुढे ती सावरली. १९३० मध्ये तिनं पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवनशी लग्न केलं, त्याच्यासोबत इराक-सीरियातल्या उत्खननांवर गेली आणि लिहीत राहिली. रहस्यकादंबऱ्या झाल्या ६६. त्यातल्या कितीतरी मधुकर तोरडमलांनी मराठीत आणल्या.

१९६१ च्या ‘द पेल हॉर्स’मध्ये तो खिशात विष बाळगणारा केमिस्ट तिच्या कामी आला. थॅलियमच्या विषबाधेची लक्षणं तिनं त्यात बारकाईनं लिहिली, केस गळण्यासकट. १२ जानेवारी १९७६ ला अगाथा गेली. पुढच्याच वर्षी लंडनच्या एका हॉस्पिटलमध्ये कतारहून आणलेली एक चिमुरडी मरणाच्या दारात होती आणि डॉक्टरांना निदान सापडत नव्हतं. तिची देखभाल करणारी नर्स नेमकी हीच कादंबरी वाचत होती. बाळाचे केस गळताना पाहून तिनं थॅलियमची शंका बोलून दाखवली. तपासणीत ती खरी ठरली आणि पोर वाचली. डॉक्टरांनी आपल्या लेखात अगाथाचे आभार मानले.

चुकीच्या डोसचा ट्रे पाडणाऱ्या मुलीला यापेक्षा मोठा रिव्ह्यू कोणता मिळणार? तेव्हा पुढच्या वेळी चीटिंग म्हणण्याआधी पुस्तक एकदा मागे जाऊन वाचा. धागा तिथंच असेल, आपल्याच नजरेतून सुटलेला.