नाथ पै यांची संसदनिष्ठा

बॅरिस्टर नाथ पै यांचे नाव निघाले की कोकणी माणसाला प्रथम त्यांचे वक्तृत्व आठवते. हे स्वाभाविक असले तरी त्या वक्तृत्वाच्या तेजात त्यांनी उपस्थित केलेला एक मूलगामी प्रश्न झाकला जातो. नागरिकांच्या स्वातंत्र्याची राखण अखेर कोणी करायची, संसदेने की न्यायालयाने?

२५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्यात जन्मलेल्या नाथ पै यांनी १९४२ च्या आंदोलनात तुरुंगवास भोगला. पुढे लंडनला जाऊन ते बॅरिस्टर झाले. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तिन्ही निवडणुकांत राजापूर मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठविले. वेंगुर्ले, मालवण, कुडाळ, पिंगुळी हा आज सिंधुदुर्गात मोडणारा मुलूख तेव्हा रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग होता. समोर सत्ताधारी पक्षाचे प्रचंड बहुमत, पाठीशी प्रजासमाजवादी पक्षाचे मोजके सभासद. तरीही ते बोलावयास उभे राहिले की सभागृह कान देऊन ऐके. संसदेवरील त्यांच्या श्रद्धेचे मूळ येथे शोधावे लागते.

फेब्रुवारी १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा मतांनी निर्णय दिला, की मूलभूत हक्कांचा संकोच करण्याचा अधिकार संसदेला नाही. खटला पंजाबातील जमीनधारणेच्या मर्यादेचा होता. मालमत्तेच्या हक्काआड जमीनसुधारणा अडणार काय, ही चिंता तेव्हा रास्त होती. त्याच वर्षी नाथ पै यांनी घटनादुरुस्तीचे खासगी विधेयक मांडून संसदेचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करण्याचा प्रयत्न केला. ते मंजूर होण्यापूर्वीच, १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगाव येथे, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांना अभिप्रेत असलेली दुरुस्ती त्याच वर्षी सरकारने चोविसाव्या घटनादुरुस्तीने केली. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने तो अधिकार मान्य केला. मात्र घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावता येणार नाही, अशी मर्यादा घातली.

ती मर्यादा किती आवश्यक होती, हे लवकरच कळून चुकले. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादली गेली. नाथ पै यांच्यामागून राजापूरहून निवडून आलेले मधू दंडवते यांना बंगलोरच्या कारागृहात डांबण्यात आले. विरोधी सभासद गजाआड असतानाच १९७६ मध्ये बेचाळिसावी घटनादुरुस्ती संमत झाली. संसद होती, बहुमत होते. नव्हती ती चर्चा.

हा धडा जुना झालेला नाही. डिसेंबर २००८ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातील दुरुस्ती लोकसभेने गदारोळात, चर्चेविना संमत केली. तिच्यातील ‘६६ अ’ या कलमाने इंटरनेटवरील त्रासदायक मजकूरही दंडनीय ठरला. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर मत व्यक्त केल्यावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, तेव्हा या कलमाची व्याप्ती महाराष्ट्राच्या ध्यानी आली. अखेर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले. म्हणजे जे काम सभागृहात एका दिवसाच्या चिकित्सक चर्चेने होऊ शकले असते, त्यासाठी सहा वर्षांहून अधिक काळ जावा लागला आणि मधल्या काळात सामान्य नागरिकांना पोलिस ठाण्याची पायरी चढावी लागली.

म्हणून नाथ पै यांची भूमिका चुकीची होती, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे ठरेल. त्यांनी श्रेष्ठ मानली ती बोलणारी, ऐकणारी, प्रसंगी सरकारला अडविणारी संसद. केवळ हात वर करणारे बहुमत नव्हे. संसद मुकी झाली की स्वातंत्र्याचा सारा भार न्यायालयावर पडतो, आणि न्यायालयाचे दार ठोठावण्याची ऐपत व सवड प्रत्येकाला नसते. मतदाराने आपल्या प्रतिनिधीला रस्ते आणि पुलांचा हिशेब जरूर विचारावा. परंतु आपले तोंड बांधणारा कायदा सभागृहात आला त्या दिवशी तो काय बोलला, हेही विचारावे. नाथ पै यांना तीनदा निवडून देणाऱ्या मुलखाने तरी हा प्रश्न विसरता कामा नये.