दाबाशी झुंज : रुडॉल्फ डिझेल

दिल्लीच्या काश्मिरी गेट भागात मोटारींच्या सुट्या भागांची मोठी बाजारपेठ आहे. तेथील दुकानांत टांगलेला एक पातळ पत्रा आपण कदाचित पाहिला असेल. त्याला एका ओळीत तीन-चार मोठी गोल भोके असतात आणि भोवताली लहान छिद्रे असतात. हेच हेड गॅस्केट. इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक आणि वरचे झाकण म्हणजे हेड. या दोहोंच्या सांध्यात ते बसवलेले असते. मोठ्या भोकांच्या जागी इंधन जळते. लहान छिद्रांतून इंजिन थंड ठेवणारे पाणी आणि वंगणाचे तेल वाहते. जाळ, पाणी आणि तेल यांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचे काम हा पत्रा करतो.

राजधानीच्या परिसरात मानेसर येथे २०२० पर्यंत लहान मोटारींसाठी १२४८ घन सेंटीमीटरचे टर्बो डिझेल इंजिन तयार होत असे. त्याच घाटाचे इंजिन पुण्याजवळच्या रांजणगावातही बनत असे. अशा लहान इंजिनात टर्बो नावाची पंख्यांची जोडी जास्तीची हवा कोंबते. त्यामुळे शक्ती वाढते, पण दाब आणि उष्णताही वाढते. इंधन जळते त्या क्षणी आतला दाब बाहेरच्या हवेच्या दीडशे पटींच्या आसपास जाऊ शकतो. दिल्लीचा उन्हाळा, रेडिएटरमधील कमी झालेले पाणी आणि तशीच पुढे रेटलेली गाडी असा योग जुळून आला, की ॲल्युमिनिअमचे हेड वाकते, सांधा सैल होतो आणि गॅस्केट उडते. मग पांढरा धूर येतो, पाण्यात बुडबुडे दिसतात, तेल दुधाळ होते आणि गाडी गॅरेजमध्ये येते.

एवढा प्रचंड दाब लोखंडी भांड्यात कोंडण्याचा ध्यास प्रथम कोणी घेतला? ज्याच्या नावाने आज आपण इंधन मागतो, त्या रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने. पंपावर त्याचे नाव रोज घेतले जाते. परंतु ते एका माणसाचे नाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मूळचे जर्मनीतील बव्हेरिया प्रांताचे. वडील चामड्याच्या वस्तू तयार करीत. घरची स्थिती बेताचीच होती आणि तयार माल गिऱ्हाइकांकडे पोहोचवण्याचे काम लहानग्या रुडॉल्फकडे असे. फुरसत मिळाली की तो यंत्रांच्या संग्रहालयात जाऊन बसे आणि तेथील जुन्या वाफेच्या गाडीची चित्रे काढी.

१८७० मध्ये फ्रान्स आणि जर्मन राज्ये यांच्यात युद्ध पेटले. पॅरिसमधील जर्मन कुटुंबांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. पण तेथे सर्वांचे पोट भरणे कठीण होते. बारा वर्षांच्या रुडॉल्फला आईने जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे नातेवाइकांकडे पाठवले. तेथील काका गणिताचे शिक्षक होते. त्यांच्या घरी राहून रुडॉल्फ शिकला आणि वर्गात पहिला आला. मुलाने आता कमवायला लागावे, असे आईवडिलांना वाटत होते. रुडॉल्फने मात्र शिष्यवृत्ती मिळवली आणि १८७५ मध्ये म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला.

तेथे कार्ल फॉन लिंड हे थोर प्राध्यापक उष्णतेचे शास्त्र शिकवीत. वाफेच्या इंजिनात जाळलेल्या कोळशाची दहा टक्क्यांच्या आसपासच शक्ती कामाला येते आणि बाकीची वाया जाते, हे त्यांच्या वर्गात रुडॉल्फला कळले. ही गोष्ट त्याच्या मनाला लागली. पुढची तेरा-चौदा वर्षे हा विचार त्याने सोडला नाही. शेवटच्या परीक्षेच्या वेळी त्याला विषमज्वराने गाठले आणि परीक्षा हुकली. मधल्या काळात त्याने स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे सुल्झर यांच्या कारखान्यात हाताने काम केले. जानेवारी १८८० मध्ये परीक्षा दिली, तेव्हा त्याने उत्तम गुण मिळवले.

पुढील दहा वर्षे डिझेल यांनी पॅरिसमध्ये लिंड यांच्या बर्फाच्या कारखान्याचे काम पाहिले. १८८३ मध्ये त्यांचा विवाह मार्था फ्लाशे यांच्याशी झाला आणि पुढे त्यांना तीन मुले झाली. नोकरी सांभाळून ते नव्या इंजिनाचे प्रयोग करीत. अमोनियाच्या वाफेवर चालणाऱ्या एका इंजिनाचा स्फोट होऊन ते गंभीर जखमी झाले आणि काही महिने रुग्णालयात होते. त्या जखमांचे परिणाम त्यांना नंतरही भोगावे लागले.

१८९० मध्ये ते बर्लिनला आले आणि तेथे त्यांच्या कल्पनेने निश्चित रूप घेतले. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम होतो, हे आपण अनुभवले असेल. हवा दाबली की तापते. पुरेशी दाबली, तर ती इतकी तापेल की तीत तेलाचा फवारा सोडताच तो आपोआप पेट घेईल. ठिणगी नको, ज्योत नको. डिझेल यांच्या इंजिनाचे हेच सूत्र होते. १८९२ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि फेब्रुवारी १८९३ मध्ये ते मंजूर झाले.

कल्पना सोपी वाटली, तरी ती प्रत्यक्षात आणणे अवघड होते. डिझेल यांनी आरंभी अडीचशे वातावरणांइतक्या दाबाची कल्पना मांडली होती. एक वातावरण म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेचा नेहमीचा दाब. त्या काळी इतका दाब झेलणारे इंजिन कोणीही पाहिले नव्हते. अनेक कारखानदारांनी त्यांना नकार दिला. अखेर ऑग्सबुर्ग यंत्र कारखान्याचे प्रमुख हाइनरिश फॉन बुत्स यांनी मर्यादित दाबावर प्रयोग करण्यास संमती दिली. एस्सेनच्या क्रुप कारखान्यानेही पैसा पुरवला.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या यंत्रात इंधन सोडण्यात आले. ते पेटले, पण दाब एकदम ऐंशी वातावरणांच्या घरात गेला आणि दाब मोजणारे उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. जवळ उभे असलेले लोक थोडक्यात बचावले. डिझेल यांच्या दृष्टीने मात्र हा स्फोट शुभशकुन होता, कारण दाबलेल्या हवेने तेल पेटते, हे सिद्ध झाले होते. आता प्रश्न होता तो दाब कोंडून ठेवण्याचा. दट्ट्याच्या कडेने हवा निसटत असे आणि हिशेबातील दाब प्रत्यक्षात मिळत नसे. मग पुन्हा आराखडा, पुन्हा ओतकाम, पुन्हा चाचणी. दट्ट्या बदलला, झडपा बदलल्या, इंधन सोडण्याची रीत बदलली.

१७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन प्रथमच स्वतःच्या शक्तीने चालले. तोपर्यंत ते बाहेरून पट्ट्याने फिरवावे लागे. असे सांगतात, की त्या दिवशी पट्टा इंजिनाला ओढीत नसून इंजिनच पट्ट्याला ओढीत आहे, हे पहिल्यांदा यंत्रावरच्या कारागिराच्या ध्यानात आले. त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली. इंजिन जेमतेम एक मिनिट चालले. पण त्या मिनिटामागे कित्येक वर्षांचे कष्ट होते.

पुढे आणखी तीन वर्षे गेली. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक मोरिट्स श्रोटर यांनी इंजिनाची रीतसर चाचणी घेतली. सुमारे तीन मीटर उंच आणि वीस अश्वशक्तीच्या आसपासचे हे इंजिन इंधनातील २६.२ टक्के शक्तीचे कामात रूपांतर करीत होते. जगातील कोणत्याही उष्णतेच्या इंजिनाला तोवर हे साधले नव्हते. देशोदेशींचे कारखानदार परवाने विकत घेण्यासाठी धावले आणि डिझेल अल्पावधीत श्रीमंत झाले.

येथेच त्यांच्या आयुष्याने वेगळे वळण घेतले. प्रयोगशाळेत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालणारे यंत्र आणि साध्या कारखान्यात रात्रंदिवस राबणारे यंत्र यांत मोठे अंतर असते. १८९८ मध्ये केम्प्टन येथील काडेपेटीच्या कारखान्यात बसवलेले इंजिन सारखे बिघडू लागले. इतर ठिकाणांहूनही तक्रारी आल्या. ऑग्सबुर्ग येथे डिझेल इंजिनांसाठी काढलेली स्वतंत्र कंपनी फार काळ टिकली नाही. पेटंटवरून वाद झाले. डिझेल यांची प्रकृती ढासळली आणि त्यांना विश्रांतीसाठी उपचारगृहात राहावे लागले. मूळ कारखान्यात इमानुएल लाउस्टर यांच्यासारखे अभियंते मात्र एकेक दोष शोधून दूर करीत राहिले. त्यांच्या चिकाटीमुळे इंजिन भरवशाचे झाले.

१९०० मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डिझेल इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्याच प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. वनस्पती तेलावर इंजिने चालवता येतील, या विषयावर पुढे डिझेल यांनीही विचार मांडले. लहान कारागिराला परवडेल असे इंजिन मिळाले, तर तो मोठ्या कारखान्यांपुढे टिकून राहील, हे त्यांचे तरुणपणापासूनचे स्वप्न होते. समाजरचनेवर त्यांनी १९०३ मध्ये एक पुस्तकही लिहिले; पण त्याच्या फारच थोड्या प्रती खपल्या.

इंजिन आता मोठ्या जहाजांवर पोहोचले होते. १९१२ मध्ये सेलांडिया हे डिझेलवर चालणारे मोठे जहाज कोपनहेगनहून बँकॉकपर्यंत गेले. परंतु यंत्राचे बारकाईने हिशेब करणाऱ्या या माणसाचे घरचे हिशेब जुळत नव्हते. म्युनिकमधील भव्य घर, तेलाच्या खाणींत आणि जमिनींत बुडालेला पैसा, यांमुळे कर्ज वाढत गेले. ही गोष्ट त्यांनी जवळच्या माणसांपासूनही लपवून ठेवली.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी डिझेल बेल्जियममधील अँटवर्प बंदरातून ड्रेस्डेन या बोटीने इंग्लंडला निघाले. जेवण करून ते आपल्या खोलीकडे गेले. सकाळी बिछाना न विस्कटलेला आढळला. टोपी आणि अंगरखा डेकवर नीट ठेवलेले होते. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक मृतदेह दिसला. त्याच्या खिशातील वस्तू त्यांचा मुलगा ऑयगेन याने ओळखल्या. मृत्यूचे कारण कधीच निश्चितपणे सिद्ध झाले नाही. बहुतेक चरित्रकार मात्र त्याचा संबंध कर्जाच्या ओझ्याशी जोडतात. त्या वेळी ते पंचावन्न वर्षांचे होते.

त्यांचे काम पुढे इतरांनी नेले. ज्या विंटरथूर गावी तरुण डिझेल यांनी उमेदवारी केली, त्याच गावचे आल्फ्रेड बुशी यांनी वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर इंजिनात जास्तीची हवा भरण्याच्या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. ती प्रत्यक्षात यशस्वी होण्यास वीस वर्षे लागली. हाच टर्बो. १९३६ मध्ये डिझेल इंजिनाची मर्सिडीज मोटार आली आणि १९७८ मध्ये टर्बो डिझेल मोटार बाजारात उतरली. भारतात १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. तिची लहान डिझेल इंजिने महाराष्ट्रातील विहिरींवर पाणी उपसू लागली. लहान माणसाच्या हाती शक्ती देण्याचे डिझेल यांचे स्वप्न शेतकऱ्याच्या बांधावर काही अंशी खरे झाले. या इंजिनाच्या धुराची दुसरी बाजूही कालांतराने पुढे आली. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांवर बंदीचा आदेश दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

आता पुन्हा त्या पातळ पत्र्याकडे पाहू. उडालेले गॅस्केट बदलताना कुशल कारागीर नुसता नवा पत्रा बसवून मोकळा होत नाही. हेड वाकले आहे का, हे तो सरळ पट्टी ठेवून तपासतो. पाणी का कमी झाले, याचा शोध घेतो. बोल्ट ठरलेल्या क्रमाने, मधून कडेकडे, मोजक्या जोराने आवळतो. मूळ कारण तसेच राहिले, तर नवे गॅस्केटही पुन्हा उडणार, हे त्याला ठाऊक असते. ऑग्सबुर्गच्या कारखान्यातही चार वर्षे हेच चालले होते: दाब कोठून निसटतो ते शोधायचे, कारण समजून घ्यायचे आणि पुन्हा यंत्र जोडायचे.

डिझेल यांच्या चरित्रातून दोन गोष्टी आपल्या हाती लागतात. कल्पना कितीही थोर असली, तरी ती सांध्यासांध्यांत टिकावी लागते आणि ते काम एकट्याचे नसते. यंत्रातला दाब मोजण्यासाठी त्यांनी उपकरणे लावली, सहकारी जमवले. मनावरचा दाब मात्र त्यांनी एकट्याने सोसला. गाडी तापू लागली, की शहाणा चालक ती वेळीच थांबवतो आणि मदत मागतो. माणसानेही तसे करण्यात कमीपणा नाही.