रशियाने कामाची सक्ती केली, पागेंनी कामाची हमी दिली

काष्टीचा जनावरांचा बाजार सगळ्या नगर जिल्ह्याला माहीत आहे. दौंड-नगर रस्त्यावरच्या, श्रीगोंदा तालुक्यातल्या या गावात बैलजोडी घ्यायला लोक लांबून येतात. या बाजाराचा एक नियम शेतकऱ्याला कुणी शिकवावा लागत नाही. पाऊस दगा देतो, चारा संपतो, विकणारे वाढतात आणि भाव पडतो.

माणसाच्या मजुरीचंही तेच. दुष्काळात शेतातलं काम थांबतं, रिकामे हात वाढतात आणि समोरचा देईल त्या पैशात राबावं लागतं. अशा वेळी ज्याच्याकडे विकायला फक्त स्वतःची मेहनत आहे, त्याने जायचं कुठं?

विसाव्या शतकात या प्रश्नाला एक उत्तर सोव्हिएत रशियाने दिलं आणि दुसरं महाराष्ट्राने. महाराष्ट्राच्या उत्तराचं नाव रोजगार हमी योजना. त्यामागचा माणूस होता विठ्ठल सखाराम पागे.

आधी रशियाचं बघू.

तिथं कारखाने, जमीन, दुकानं, सगळं सरकारचं. कुठं किती माल काढायचा आणि किती कामगार लावायचे हे सरकारी योजना ठरवायची. १९३० साली देशात बेकारी उरलीच नाही असं जाहीर करून सरकारने बेकारभत्ता बंद केला. १९३६ च्या राज्यघटनेने कामाचा हक्क लिहून दिला. पण त्याच घटनेने काम करणं हे कर्तव्यही ठरवलं. खरी मेख इथंच होती.

१९४० च्या हुकमाने परवानगीशिवाय नोकरी सोडणाऱ्याला तुरुंगाची शिक्षा ठेवली. हा हुकूम १९५६ पर्यंत टिकला. पुढे १९६१ साली, काम न करणाऱ्याला ऐतखाऊ ठरवून दूरच्या भागात पाठवायचा कायदा आला. कवी जोसेफ ब्रॉडस्की यांना १९६४ मध्ये अशाच आरोपाखाली ५ वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. याच कवीला १९८७ साली साहित्याचं नोबेल मिळालं. थोडक्यात काय, रशियात काम मिळायचं, पण नको म्हणायची सोय नव्हती.

आता येऊ पागेंकडे.

२१ जुलै १९१० चा त्यांचा जन्म. माणूस सांगली भागातला, शिक्षणाने वकील, स्वातंत्र्य चळवळीतला कार्यकर्ता. विचाराने गांधीवादी आणि संतसाहित्याचा अभ्यासक. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं आणि पागे विधान परिषदेचे सभापती झाले. १९७८ पर्यंत, म्हणजे तब्बल १८ वर्षं ते या पदावर होते. सभापतीच्या खुर्चीवर बसून त्यांच्या डोक्यात मात्र कोरडवाहू गावातला मजूर होता.

त्यांचा हिशेब साधा होता. गावात रिकामे हात आहेत आणि बांध, तलाव, रस्ते अशी न झालेली कामंही आहेत. मग या दोघांची गाठ का घालू नये? मुख्यमंत्री वसंतराव नाईकांना त्यांनी ही कल्पना पटवली आणि १९६५ साली विसापूरला प्रयोग सुरू झाला. हे श्रीगोंद्याचं विसापूर नव्हे बरं का, सांगलीच्या तासगाव तालुक्यातलं.

प्रयोग जमला. १९७२ साली सरकारने रोजगार हमी योजना जाहीर केली आणि तेवढ्यात तो भयंकर दुष्काळ आला. नगर, सोलापूर, मराठवाडा, सगळीकडे माणसं खडी फोडायला आणि तलाव खोदायला बाहेर पडली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. लोकांना फुकट धान्यापेक्षा हाताला काम हवंय आणि सरकार ते एवढ्या मोठ्या प्रमाणावर देऊ शकतं, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

पण दुष्काळ ओसरला की केंद्राचा पैसा थांबणार. मग पुढं काय? यासाठी १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर लावला. तुमच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात ना, तोच हा प्रोफेशनल टॅक्स. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामासाठी थोडा भार उचलायचा, अशी ही व्यवस्था. जेवढा पैसा या करांतून येईल तेवढाच सरकारने स्वतःच्या तिजोरीतून घालायचा.

त्यानंतर १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. गंमत बघा, त्याच १९७७ साली रशियाने नवी राज्यघटना आणून कामाचा हक्क पुन्हा लिहिला. दोन्हीकडे शब्द तोच, पण अर्थ वेगळा.

महाराष्ट्राच्या कायद्यात ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसाने काम मागायचं आणि सरकारने १५ दिवसांत ते द्यायचं. नाही दिलं तर बेकारभत्ता. तो दिवसाला किमान १ रुपया, म्हणजे नावापुरताच. पण काम दिलं नाही तर चूक सरकारची, हे त्या एका रुपयाने मान्य केलं होतं. मजुराला शेतात बरा रोज मिळत असेल तर त्याने खुशाल तिकडे जावं, त्याला कुणी अडवणार नव्हतं. खर्चाचा किमान ६० टक्के भाग मजुरीवर जायला हवा, ठेकेदार आणि यंत्रांवर नाही, अशीही अट होती.

आपल्या राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये कामाचा हक्क आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्व म्हणून. त्यासाठी कोर्टात दाद मागता येत नाही. महाराष्ट्राने त्याचा कायदा केला.

आता सगळं गोडगोड होतं का? अजिबात नाही. खोटी हजेरीपत्रकं निघाली, मजुरी महिनोन्महिने रखडली, अर्धवट तलाव तसेच पडून राहिले आणि भत्ता तर क्वचितच कुणाला मिळाला. दर कमी असल्याने ज्याला दुसरा पर्यायच नाही तोच या कामावर यायचा. पण एक गोष्ट बदलली. गावात सरकारी काम चालू आहे म्हटल्यावर मजुराला पडेल त्या भावात स्वतःला विकावं लागत नव्हतं. बायकांना घराजवळ, पुरुषांच्याच दराने काम मिळालं आणि कामावर त्यांची संख्या मोठी राहिली. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने पाणलोटाची कामं करताना याच योजनेचा पैसा वापरला.

१६ मार्च १९९० ला पागे गेले. पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघ मोडला आणि त्याच्या घटनेतला कामाचा हक्कही इतिहासजमा झाला. पागेंची कल्पना मात्र २००५ साली दिल्लीने उचलली. संसदेने वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी देणारा कायदा केला, जो पुढे मनरेगा म्हणून घराघरात पोहोचला.

पागे मुख्यमंत्री झाले नाहीत, त्यामुळे त्यांचं नाव आज फारसं कुणाच्या तोंडी नसतं. पण काम मागणाऱ्या मजुराला सरकारपुढे हात पसरायची गरज नाही, तो त्याचा हक्क आहे, ही गोष्ट या माणसाने कायद्यात लिहायला लावली.