पंडिता रमाबाई व दुष्काळ

पाऊस लांबला म्हणजे आमच्या हिंगोलीकडील मंडळ्यांत प्रार्थना होते, व ती व्हावीच. परंतु प्रार्थना करून उठल्यावर काय करावे, हे आम्हांस पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून शिकता येते.

बाईंचा जन्म 1858 साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान पुराणिक होते. दुष्काळात घरची पुंजी सरली; व्रते व दानधर्म करूनही अन्न मिळेना. 1874 च्या सुमारास आईबाप व थोरली बहीण ही थोड्याच काळात निवर्तली. रमाबाई व बंधु श्रीनिवास उपाशीपोटी पायी देशभर हिंडली. पुढे 1883 साली इंग्लंडात बाईंचा बाप्तिस्मा झाला.

1896 साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा बाईंना आपली जुनी भूक आठवली. पदरी पैसा थोडा होता. तरी देवावर भार टाकून त्या स्वतः तिकडे गेल्या व सुमारे 300 मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून त्यांस केडगावच्या शेतावर झोपड्यांत ठेविले. तेथेच मुक्ति सदन उभे राहिले. 1900 सालच्या दुष्काळात गुजराथेतूनही शेकडो मुली आल्या. बाईंनी विहिरी खणविल्या आणि मुलींस शेती, विणकाम व छपाई शिकविली.

ता. 5 एप्रिल 1922 रोजी बाई प्रभूजवळ गेल्या. त्यांच्या प्रार्थनेने दुष्काळ टळला नाही. पण दुष्काळात टाकलेल्या मुलींस घर मिळाले. प्रियहो, आम्हीही प्रार्थनेहून उठून शेजारची चूल पेटली की नाही, हे पाहून यावे.