समजून घ्या : आवाज ‘गोड’ म्हणजे नेमका कसा? देवगिरीच्या हिशेबनिसाने दिले होते १५ शब्द

धारणी : गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक काय सांगतात? आवाज गोड आहे, किंवा सूर लागला नाही. मेळघाटातल्या शाळेचे स्नेहसंमेलन असो की टीव्हीवरचा मंच, हरलेल्या मुलाला नेमके काय सुधारायचे ते कळतच नाही. मोबाइलवरचे ॲप तर टक्केवारी दाखवून मोकळे होते. यावर सुमारे ८०० वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात एका माणसाने भरपूर डोके चालवले होते. त्यांचे नाव शार्ङ्गदेव आणि ग्रंथ ‘संगीतरत्नाकर’.

कोण होते शार्ङ्गदेव?

घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा भास्कर दक्षिणेत आले. वडील सोढल यादवांच्या सेवेत होते. पुढे शार्ङ्गदेव देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, राजा सिंघणाच्या दरबारात हिशेब खात्याचे प्रमुख झाले. सिंघणाची कारकीर्द साधारण १२१० ते १२४७. त्याचाच सेनापती खोलेश्वर. अमरावती जिल्ह्यातल्या खोलापूरशी त्याचे नाव जोडले जाते. म्हणजे हा दरबार वऱ्हाडाला परका नव्हता.

शार्ङ्गदेव वैद्यकही जाणत होते. त्यामुळे ग्रंथात सुरांच्या आधी शरीर येते. गर्भ कसा वाढतो, नाद देहात कुठून उठतो, इथपासून सुरुवात. आवाजाचे प्रकारही त्यांनी कफ, पित्त, वातावरून पाडले. कफाचा मऊ, गोड आवाज तो ‘खाहुल’. वाताचा पोकळ, कर्कश आणि मोठा तो ‘बोंबक’. (हा शब्द वऱ्हाडात कुणाला समजावून सांगावा लागणार नाही.)

ते १५ शब्द

आवाजाचे १५ गुण त्यांनी वेगवेगळे केले. खालच्या, मधल्या आणि वरच्या पट्टीतही न बिघडणारा तो ‘मधुर’. लांबून ऐकू येणारा ‘श्रावक’. लांबून ऐकू येतो आणि आतून भरीवही आहे, तर ‘घन’. तेलाच्या धारेसारखा कुठेही न तुटणारा ‘श्लक्ष्ण’. ऐकणाऱ्याच्या मनात करुणा जागवणारा ‘करुण’. शिवाय कोमल, स्निग्ध, गाढ वगैरे. ॲप यातले फारसे काही पकडत नाही. ते सूर किती चुकला एवढेच मोजते. तो भरीव आहे की पोकळ, हे त्याच्या हिशेबात नसते.

आवाजाचे ८ दोष आणि गायकाचे २५ दोषही त्यांनी नोंदवले. दात आवळून गाणारा, गाल भोपळ्यासारखे फुगवणारा, कावळ्यासारखा कर्कश, उंटासारखी मान वर करणारा, नाकात गाणारा. डोळे मिटून गाणेही दोषातच धरले आहे! आजचे निम्मे गायक यात अडकतील.

आवाजातच मुळात असलेली, रियाजाशिवायही राग उलगडणारी ताकद त्यांनी ‘शारीर’ या नावाने वेगळी काढली. ती जन्मासोबत येते, असे त्यांचे मत. हे थोडे कठोर वाटते. पण मुलाला आवाजाची देणगी कमी मिळाली आहे की त्याची सवय चुकते आहे, हे शिकवणाऱ्याला आधी कळायला हवे. मान वाकडी करण्याची सवय सुटू शकते. ‘तुला जमत नाही’ एवढ्यावर मुलाचे गाणेच सुटते.

२२ तारांच्या दोन वीणा

सप्तकात २२ श्रुती आहेत हे दाखवायला त्यांनी प्रत्येकी २२ तारांच्या दोन वीणा घेतल्या. एक तशीच ठेवायची, दुसरी एकेक श्रुतीने उतरवत जायची आणि कोणता स्वर कुठे जाऊन मिळतो ते पाहायचे. चौथ्या फेरीत सा, म, प हे आपल्या मागच्या स्वरांवर येऊन बसतात. इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेत ज्याला कॅलिब्रेशन म्हणतात, ते यापेक्षा फार वेगळे नसते.

ग्रंथात सात अध्याय आहेत : स्वर, राग, प्रकीर्ण, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य. संस्कृतात लिहूनही त्यांनी लोकांचे गाणे वगळले नाही. देशभाषेत गायच्या, तीन खंडांच्या, प्रास जुळवलेल्या ओवीचीही त्यांनी व्याख्या केली. ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे ही नोंद तिच्याही काही दशके आधीची.

१२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि काही वर्षांतच यादवांचे राज्य संपले. ग्रंथ मात्र हातोहात फिरत राहिला. १४ व्या शतकात सिंहभूपालाने त्यावर टीका लिहिली, १५ व्या शतकात विजयनगरात कल्लिनाथाने. आजही हिंदुस्तानी आणि कर्नाटक, दोन्ही पद्धतींचे अभ्यासक हाच ग्रंथ उघडतात.