पंख्याच्या कंडेन्सरवर नाव कुणाचं असतं?

मे महिन्यात वर्ध्याजवळच्या नालवाडीत सिलिंग फॅन संथ फिरायला लागला की इलेक्ट्रिशियन आधी कंडेन्सर बदलतो. त्यावर बहुतेकदा २.५ मायक्रोफॅरड असं छापलेलं असतं. फॅरड हे माप एवढं मोठं की पंख्याला त्याचा चार लाखावा भाग पुरतो. हे नाव आलंय मायकल फॅरेडेवरून. लंडनमधल्या एका लोहाराचं पोरगं.

जन्म १७९१ चा. घरी गरिबी, शाळा लिहिता-वाचता येण्यापुरती. चौदाव्या वर्षी बुकबाइंडरकडे कामाला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकंच वाचायला लागला. ज्ञानकोशातला विजेवरचा लेख हाती पडला आणि गडी नादावला. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्हींची व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली, ती स्वतः बांधून डेव्हींनाच पाठवली. पुढच्या वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीसाची नोकरी मिळाली.

१८३१ मध्ये त्यानं चुंबकापासून वीज निर्माण करून दाखवली, ते सगळ्यांना माहीत असतं. कंडेन्सरची गोष्ट १८३७ ची.

सर्किटच्या आकृतीत कंडेन्सर म्हणजे दोन समांतर रेघा, मधे फट. (शेजारी अधिकचं चिन्ह असेल तर तो उलटा जोडायचा नाही.) रेघा म्हणजे धातूच्या पट्ट्या. मग फटीचं काम काय? तेव्हाच्या गणितज्ञांच्या हिशोबात काहीच नाही, विद्युतभार एकमेकांना लांबूनच ओढतात.

फॅरेडेला हे पटेना. गणिताच्या नावानं बोंब होती, म्हणून त्यानं उपकरणच बनवलं. पितळेच्या पोकळ गोळ्यात दुसरा गोळा, मधे रिकामी जागा. असे दोन सारखे संच. एकात नुसती हवा, दुसऱ्याच्या अर्ध्या पोकळीत गंधक. एकाला भार दिला आणि मग दोन्ही जोडले. वाटणी निम्मी-निम्मी व्हायला हवी होती, पण गंधकवाल्यानं जास्त वाटा घेतला. म्हणजे वीज किती साठणार हे फटीत काय भरलंय त्यावरही ठरतं. आजच्या पंख्याच्या कंडेन्सरमध्ये तिथं प्लॅस्टिकची पातळ फिल्म असते.

समीकरणं नसल्यामुळे अनेकांना त्याचं म्हणणं पचलं नाही. ते गणितात मांडलं पुढे मॅक्सवेलनं.

फॅरेडेनं सर ही पदवी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही दोनदा नाकारलं. १८६७ मध्ये तो वारला. १८८१ च्या पॅरिस परिषदेत फॅरड हे अधिकृत एकक झालं.